एअरगनवर स्कोप बसवताय? आधी माउंट नीट निवडा, नाहीतर चांगली बंदूकही 'वाकडी' वाटेल

कर्वेनगर (पुणे) : वेल्हे तालुक्यातला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातला एक तरुण. कंपनीत कामाला आणि कर्वेनगरला तिघांत एक खोली करून राहणारा. धाकट्या बहिणीला नेमबाजी शिकायची आहे म्हणून त्याने एक छऱ्याची बंदूक घेतली. पगारातले थोडे आणि घरच्या इंद्रायणीच्या पैशातले थोडे, असे जमवून. दुकानदाराने सोबत स्कोप दिला आणि तो बसवायला दोन कडी 'फ्री'मध्ये टाकली.

पहिल्या रविवारी गावाकडच्या खळ्यात नेम चांगला लागला. दुसऱ्या रविवारी छर्रे खाली पडायला लागले. त्याने स्कोपचं बटण फिरवून नेम वर घेतला. दहा छऱ्यांनंतर परत तेच. तिसऱ्या रविवारी बटण फिरायचंच थांबलं आणि वर स्कोपची मागची कड भुवईला लागली. चुलते म्हणाले, "आरं, नळीच वाकडी हाय हिची. इकून टाक." निम्म्या किमतीत घ्यायला एक जण तयारही झाला.

ती विकली गेली नाही, कारण ओळखीच्या एका लेथवाल्याने बंदूक हातात घेऊन स्कोपखालची पट्टी बघितली. पट्टीवर दोन चकचकीत ओरखडे होते, सरळ मागे गेलेले. नळी सरळ होती. स्कोपही शाबूत होता. प्रत्येक छऱ्यागणिक कडी केसभर मागे सरकत होती, एवढंच.

अशा बंदुका गावोगाव आहेत. लोक बंदूक बदलतात, स्कोप बदलतात, छर्रे बदलतात, पण मधल्या दोन कड्यांकडे कोणी बघत नाही. त्या कड्यांनाच माउंट म्हणतात. ते कसं निवडायचं, ते एकदा नीट समजून घेऊ.

आधी कायद्याचं

माउंटबद्दल इंटरनेटवर जी माहिती मिळते ती बहुतेक परदेशातल्या शिकारीच्या रायफलींची असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंद आहे. मोर, तितर, पोपट, चिमणी, ससा यातलं काहीही छऱ्याने मारणं गुन्हा आहे. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं शिक्षा होऊ शकते. शेताचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबतही वनविभागाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना 'पीक माझं होतं' हे उत्तर चालत नाही.

एअरगनचं वेगळं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. ती निशाणा लावायला शिकण्यासाठी आहे. त्या छऱ्याने रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर उसात दडून बसलं की दुसऱ्या दिवशी पाणी धरायला जाणाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणून एअरगन ही राखणीची वस्तू समजू नये.

माउंटवर एवढा भार का येतो?

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा असलेला माणूस आठवा. ट्रॅक्टर एकदम निघाला की माणूस मागे जातो आणि करकचून ब्रेक लागला की पुढे. बंदूक म्हणजे ट्रॉली आणि स्कोप म्हणजे तो माणूस. माउंट म्हणजे त्याने धरलेला दांडा.

दारूगोळ्याच्या रायफलीत झटका एकाच बाजूने येतो. रायफल मागे येते आणि स्कोप जागच्या जागी राहायला बघतो, म्हणजे रायफलीच्या मानाने पुढे सरकायला बघतो.

स्प्रिंगच्या एअरगनमध्ये दोन झटके येतात. चाप ओढला की आतला पिस्टन जोरात पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. लगेच पिस्टन पुढच्या टोकाला आपटून थांबतो आणि बंदूक पुढे झटकली जाते. हा दुसरा झटका जास्त कडक असतो. त्याने स्कोप मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे सरकतो. खांद्याला धक्का जाणवत नाही, त्यामुळे लोक म्हणतात, 'ह्याला कसला आलाय झटका?' पण मोठ्या रायफलीवर टिकलेले स्कोपसुद्धा स्प्रिंगच्या एअरगनवर खराब होतात, कारण ते उलट्या झटक्यासाठी बनवलेले नसतात. स्कोप घेताना 'स्प्रिंगच्या एअरगनला चालतो का' हे स्पष्ट विचारून घ्यावं.

पीसीपी, म्हणजे टाकीत हवा भरायची एअरगन, हिला झटका जवळपास नसतो. तिला कुठलंही सरळ, बऱ्यापैकी माउंट चालून जातं. खरी अडचण स्प्रिंगवालीची, आणि किंमत कमी असल्याने गावाकडे तीच जास्त दिसते.

पहिलं माप : पट्टी

बंदुकीच्या बॉडीवर माउंट बसायला जी पट्टी असते ती मुख्य दोन प्रकारची असते.

एअरगनवर बहुतेक वेळा डोव्हटेल असते. सुतार पेटीच्या कोपऱ्याला जशी तिरकी खाच पाडतो तशी, वर रुंद आणि खाली निमुळती. हिला ११ मिलिमीटरची पट्टी म्हणतात, पण प्रत्यक्षात ती साडेनऊपासून तेरापर्यंत कितीही भरू शकते.

दुसरी पिकॅटिनी किंवा वीव्हर. ही साधारण २१ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या खाचा असतात. यातल्या वीव्हरच्या खाचा थोड्या अरुंद असतात, म्हणून वीव्हरचं माउंट पिकॅटिनीवर बसतं, पण पिकॅटिनीचं वीव्हरवर बसेलच असं नाही.

डोव्हटेलचं माउंट पिकॅटिनीवर बसत नाही आणि पिकॅटिनीचं डोव्हटेलवर नाही. दोन्ही जोडणारा अॅडॅप्टर मिळतो, पण स्प्रिंगच्या बंदुकीवर तो टाळलेला बरा. एक जोड वाढला की सरकायची एक जागा वाढली. दुकानात जायच्या आधी जवळच्या लेथवर किंवा गॅरेजमध्ये व्हर्नियरने पट्टीची रुंदी मोजून घ्या आणि पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

काही जुन्या देशी एअरगनना पट्टीच नसते. तिथे वेल्डिंग करून पट्टी चिकटवू नका. उष्णतेने आतलं वॉशर जातं आणि नळीची सरळ रेघही बिघडते. अशा बंदुकीची उघडी साइट, म्हणजे पुढचा काटा आणि मागची खाच, तीच चांगली.

दुसरं माप : स्कोपची नळी

स्कोपची मधली नळी एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर असते, नाहीतर ३० मिलिमीटर. माउंटची कडी त्याच मापाची हवी. ३० च्या कड्यात २५.४ ची नळी बसवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणारे लोक आहेत. रबर दबतं, परत फुगतं आणि नेम रोज वेगळा लागतो.

तिसरं माप : उंची

माउंट लो, मीडियम आणि हाय अशा तीन उंचीत मिळतं. पण एका कंपनीचं मीडियम म्हणजे दुसरीचं हाय असू शकतं, म्हणून नावावर न जाता हिशोब करावा.

स्कोपच्या पुढच्या भोंग्याचा बाहेरचा व्यास मोजा. समजा ४८ मिलिमीटर भरला. त्याचा निम्मा २४. भोंगा बंदुकीला टेकू नये म्हणून दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा. म्हणजे पट्टीच्या माथ्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत २६ ते २७ मिलिमीटर उंची हवी.

इथे एक फसगत होते. काही कंपन्या उंची स्कोपच्या मध्यापर्यंत सांगतात, काही फक्त कड्याच्या तळापर्यंत. एक इंची नळीत या दोन आकड्यांत १२.७ मिलिमीटरचा फरक पडतो. तेच २६.७ दुसरीकडे १४ म्हणून छापलेलं असतं. खोक्यावरचा आकडा कुठपासून कुठपर्यंतचा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

भोंगा टेकत नसेल तर जितकं खाली तितकं चांगलं. स्कोप फार उंच झाला की गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, मान अधांतरी राहते आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. पीसीपीत मॅगझिन पट्टीच्या वर येत असेल तर तेवढी उंची मात्र धरावी लागते.

एक सलग की दोन वेगळी कडी?

सलग माउंटमध्ये दोन्ही कडी एकाच पायावर असतात. पट्टीला धरणारी जागा लांब, स्क्रू जास्त, आणि दोन्ही कडी मुळातच एका रेषेत. स्प्रिंगच्या बंदुकीला हे उत्तम. तोटा एवढाच की वजन थोडं वाढतं आणि स्कोप पुढे-मागे घ्यायला जागा कमी मिळते.

दोन सुट्या कड्यांचं माउंट हलकं असतं आणि छर्रा भरायची जागा मोकळी ठेवून बसवता येतं. पीसीपीला ते बरं पडतं. स्प्रिंगच्या बंदुकीवर घ्यायचंच असेल तर पट्टी धरणारा पाय रुंद असलेलं घ्या, आणि एका कड्याला दोन ऐवजी चार स्क्रू असलेलं बघा.

सगळ्यात महत्त्वाची : अडसराची पिन

दाराला कडी असली तरी रात्री आडणा लावतोच. माउंटलाही तसाच अडसर लागतो. दुकानात त्याला स्टॉप पिन म्हणतात. माउंटच्या पोटातून खाली येणारी ही बारीक पिन बंदुकीच्या पट्टीवरच्या भोकात बसते. मग दर छऱ्याला स्कोप मागे जायला बघतो, तेव्हा जोर फक्त स्क्रूच्या पकडीवर न येता पिनवर येतो.

बंदुकीच्या पट्टीवर वरून भोक आहे का, ते बघा. भोक नसेल तर मागच्या बाजूला एखादा ठोकळा असतो. तसं असेल तर माउंटची मागची कड त्या ठोकळ्याला टेकवून घट्ट करा. दोन्ही नसेल तर पट्टीवर आवळायचा वेगळा स्टॉपर मिळतो, तो माउंटच्या मागे लावा.

पिन भोकात थोडीच उतरवायची. पार तळाला दाबून आवळली तर माउंट पट्टीवरून उचललं जातं आणि पकड उलट कमी होते.

स्क्रू जोरात आवळला की माउंट सरकणार नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खोटं आहे. स्प्रिंगचा झटका हजारो वेळा बसतो. निव्वळ पकडीवर कुठलंच माउंट कायमचं राहत नाही, आणि जास्त आवळल्याने स्कोपची नळी मात्र चेपते.

नळी खाली झुकलेली असेल तर

मधे मोडून छर्रा भरायच्या बंदुकीत नळी बॉडीच्या मानाने किंचित खाली झुकलेली असू शकते. हा बिघाड नाही, त्या बनावटीत असं होतं. उघड्या साइटने काही कळत नाही, कारण पुढचा काटा नळीवरच असतो. स्कोप मात्र बॉडीवर बसतो. मग छर्रे फार खाली पडतात.

बहुतेक स्कोपच्या बटणाचा एक क्लिक २० मीटरवर नेम साधारण दीड मिलिमीटर हलवतो. छर्रे १५ सेंटिमीटर खाली पडत असतील तर १०० क्लिक वर जावं लागतं. साध्या स्कोपमध्ये मध्यापासून वर जायला जेमतेम तेवढेच क्लिक असतात. बटण टोकाला गेलं की आतली स्प्रिंग सैल पडते आणि फुली आपोआप हलायला लागते. कर्वेनगरच्या तरुणाचं बटण असंच टोकाला गेलं होतं. सरकणारं माउंट आणि झुकलेली नळी, दोन दुखणी एकदम.

यावर उपाय म्हणजे मागची बाजू किंचित उंच असलेलं माउंट, किंवा उंची कमी-जास्त करता येणारं माउंट. दोन कड्यांत १०० मिलिमीटर अंतर असेल तर १५ सेंटिमीटरची तूट भरायला मागचं कडं फक्त पाऊण मिलिमीटर वर हवं. फरक थोडा असेल तर मागच्या कड्याच्या खालच्या अर्ध्या भागात प्लास्टिकची पातळ पट्टी घालतात. पण पाव मिलिमीटरपेक्षा जाड पट्टी घालू नये, नळी वाकते.

घरी बसवायचं कसं?

१. बंदूक रिकामी आहे ना, दोनदा बघा. स्प्रिंग ताणलेली नको.

२. पट्टीवरचं आणि माउंटच्या जबड्यातलं तेल फडक्याने, थोड्या सॅनिटायझरने पुसून काढा. तेलावर काहीही घसरतं.

३. माउंट बसवा, पिन भोकात उतरवा, माउंट मागे ओढून पिन टेकली की मग आवळा.

४. स्कोप कड्यात ठेवा, वरचे स्क्रू नुसते लावा. नेहमीसारखा गाल टेकवून पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. डोळ्यापासून साधारण आठ-नऊ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे.

५. फुली सरळ करायला ओळंबा वापरा. दहा मीटरवर दोरीला ओळंबा टांगा. बंदूक पिशवीवर ठेवून गवंड्याच्या लेव्हलने सपाट करा आणि फुलीची उभी रेघ दोरीशी जुळवा. फुली तिरकी राहिली तर जवळ नेम लागतो आणि लांबचा बाजूला जातो.

६. स्क्रू मोटारसायकलच्या हेडसारखे आवळा, समोरासमोर, थोडे थोडे. दोन्ही बाजूंची फट सारखी राहू द्या. एलन कीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. त्यात जेवढा जोर येतो तेवढा पुरे. पाना लावू नका.

७. नेलपॉलिशची एक बारीक रेघ कड्यावरून स्कोपच्या नळीवर आणि दुसरी माउंटवरून पट्टीवर ओढा. पन्नास छर्रे मारून बघा. रेघ तुटली तर माउंट सरकलं.

दोष कुणाचा, ते कसं ओळखायचं?

वीस मीटरवर पिशवीचा आधार घेऊन पाच छर्रे मारा. सगळे एका ठिकाणी, पण मध्यापासून लांब असतील तर काही बिघडलेलं नाही, बटण फिरवून नेम आणा. आधी एक झुबका आणि नंतर दुसरीकडे दुसरा झुबका पडत असेल तर माउंट बघा. रेघा जागेवर आहेत आणि तरी छर्रे पसरतात, तर स्कोप काढून उघड्या साइटने मारून बघा. तिथे नीट लागलं तर दोष स्कोपचा. तिथेही पसरले तरच छर्रे, वॉशर आणि शेवटी नळी. विकायचा विचार त्यानंतर.

सराव करताना निशाण्यामागे वाळूची पोती किंवा मातीचा बांध असावा. छर्रा निशाणा चुकून कितीतरी लांब जातो आणि दगडावरून उलटा येतो. गावठाणात, रस्त्याच्या दिशेने कधीच नाही.

परवान्याच्या बंदुकीवर स्कोप?

पीक संरक्षणासाठी ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे त्यांनी स्कोपवर पैसे घालू नयेत. तिच्या नळीला आतून आटे नसतात, त्यामुळे लांबचा अचूक नेम तिचं काम नाही. ३१५ बोअरची रायफल असेल तर तिच्यावर कारखान्यातून पट्टी येत नाही. भोकं पाडणं, आटे पाडणं ही कामं परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावीत. शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरबदल करता येत नाही. गावच्या लेथवर दिलं तर मालक आणि लेथवाला दोघेही अडचणीत येतात.

स्पर्धेला जायचं असेल तर

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून 'आमच्या पोरालाही शिकवा' असं म्हणणारे आईबाप भेटतात. पण त्यांच्या रायफलीवर स्कोप नव्हता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मागे बारीक भोक आणि पुढे गोल कडं, एवढंच असतं. १० मीटर एअर रायफलमध्येही स्कोप चालत नाही.

म्हणून ज्या मुलांना बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर किंवा जिल्हा स्पर्धेत उतरायचं आहे, त्यांनी स्कोप आणि माउंटवर खर्च करण्याआधी प्रशिक्षकाला विचारावं. तोच पैसा चांगल्या छऱ्यांवर आणि सरावावर गेला तर जास्त उपयोग होतो. स्कोप हौसेच्या निशाण्यासाठी ठीक.

वेल्ह्याच्या त्या घरातही शेवटी हेच झालं. नवं सलग माउंट आलं, पिनवालं. ओळंबा लावून भावाने स्कोप बसवला. पन्नास छऱ्यांनंतर नेलपॉलिशची रेघ जागेवर होती. चुलत्यांनी स्वतः पाच छर्रे मारून बघितले आणि काही न बोलता बंदूक पुतणीच्या हातात दिली. तिने मात्र दुसऱ्या दिवशी एलन की मागून स्कोप उतरवला. आता ती उघड्या साइटने शिकते. भाऊ सुट्टीला आला की स्कोप परत चढतो, आणि पिन त्याच भोकात बसते.